माहूरचा घाट आणि घरची मोटार

आमच्या घराण्याची कुलदेवता माहूरची श्रीरेणुका. त्यामुळें लग्न, मुंज, बारसें किंवा नवी वास्तु, यांपैकीं घरांत कांहींही घडलें कीं माहूरचें दर्शन ठरलेलेंच. आमच्या आजोबांच्या वेळीं हा प्रवास बैलगाडीचा होता. पुढें तो एस. टी.चा झाला, आणि २०१० सालापासून घरच्या मोटारीचा झाला. त्या सालीं तीर्थरूपांनीं डिझेलवर चालणारी एक लहान गाडी घेतली व क्रमांकाची पाटी बसतांच, शहरांत एक फेरीही न मारतां, ती लातुराहून थेट माहूरला नेली. २०१९ सालीं तीर्थरूप निवर्तले. गाडी राहिली.

२०२५ सालीं त्या गाडीस पंधरा वर्षें पुरीं झालीं. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें गाडी तपासून घेऊन ती पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. खर्च करून जुनीच ठेवावी कीं नवी घ्यावी, आणि नवी घ्यावयाची तर कोणत्या इंजिनाची, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर आमच्या माजघरांत येऊन बसला. थोरले बंधु डिझेलचे कट्टे अभिमानी. नांदेडास नोकरीला असलेला पुतण्या पेट्रोल व सी. एन. जी. यांचा पुरस्कर्ता. आम्ही दोहोंच्या मध्यें, म्हणजे दोन्हीकडून बोलणीं खाणारे. मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “वाद मागाहून घाला. गुडघे ऐकताहेत तोंवर मला एकदां गडावर नेऊन आणा.”

तेव्हां असें ठरलें कीं कार्तिकांत माहूरला जावें, दोन गाड्या न्याव्यात, आणि वादाचा निकाल घाटांतच लावावा. नवरात्रांत गडावर अलोट गर्दी असते. खासगी गाड्या खालीं थांबवून भाविकांस एस. टी.नें वर नेतात. कार्तिकांत ती अडचण नव्हती. एक गाडी आमची जुनी डिझेलची. दुसरी पुतण्याची, दोन वर्षांची, बाराशें सी. सी.च्या पेट्रोल इंजिनाची, तिला सी. एन. जी.ची टाकीही कारखान्यांतूनच बसवून आलेली. एक बटण दाबलें कीं ती वायूवरून पेट्रोलवर येते. म्हणजे दोन गाड्यांत तीनही पक्षांची परीक्षा होणार होती. या गाड्यांचीं नांवें आम्ही देत नाहीं. आम्हांस कोणाची जाहिरात करावयाची नाहीं कीं कोणाची निंदा.

लातुराहून माहूर सुमारें पावणेतीनशें किलोमीटर आहे. पहांटे पांचाला निघालों. चाकूर, अहमदपूर, लोहा हीं गांवें तुळजापूर-नागपूर महामार्गावर ओळीनें लागतात. हा रस्ता आतां बव्हंशीं चौपदरी झाला आहे. अशा रस्त्यावर लहान गाडीचेंही इंजिन आपली कुरकुर विसरतें. बंधु पांचव्या गिअरांत ताशीं ऐंशीचा वेग धरून निवांत बसले आणि त्यांनीं डिझेलचें माहात्म्य सांगावयास आरंभ केला.

त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. मागचें दार वर उघडणारी लहान मोटार, जिला हॅचबॅक म्हणतात, ती आपल्या मध्यम स्थितींतील घरांत खऱ्या अर्थानें आली ती १९८३ च्या डिसेंबरांत निघालेल्या मारुति ८०० मुळें. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ सी. सी.चें व पेट्रोलचें. डिझेल त्या काळीं ट्रकांचें, जीपगाड्यांचें व शेतांतल्या इंजिनांचें अन्न होतें. तें लहान मोटारींत रुळविण्याचें मोठें श्रेय आमच्या महाराष्ट्रांतल्याच पिंपरीच्या कारखान्याचें. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका तेथून निघाली, तीच १४०५ सी. सी.चें डिझेल इंजिन घेऊन. आवाज मोठा, थरथर मोठी, पण पांच माणसें ऐसपैस बसत आणि खर्च थोडा. मराठवाड्यांतल्या ज्या घरांनीं मोटारीचा विचारही केला नव्हता त्यांच्या दारांत ती उभी राहिली. पुढें १२४८ सी. सी.चीं नाजूक डिझेल इंजिनें आलीं आणि दहा वर्षें त्यांचेंच राज्य होतें. आमची गाडी त्याच काळांतली.

नांदेडास गोदावरी ओलांडली आणि पुतण्याची गाडी येऊन मिळाली. त्यानें आदल्या रात्रींच टाकी भरून ठेविली होती. परंतु मागचें दार उघडतांच पहिला आक्षेप वहिनींनींच घेतला. ओटीचें सामान, पुरणपोळ्यांचा डबा, पाण्याचा कॅन, मातोश्रींची घडीची खुर्ची. यांपैकीं एकही वस्तु नीट बसेना. जेथें सामान ठेवावयाचें तेथें वायूची टाकी आडवी पहुडलेली. आतां कांहीं कारखान्यांनीं एका मोठ्या टाकीऐवजीं दोन लहान टाक्या फळीखालीं बसवून ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे; पण पुतण्याची गाडी त्या जातीची नव्हती. सर्व बोजा जुन्या गाडींत आला आणि बंधूंच्या चेहऱ्यावर पहिल्या विजयाचें हसूं आलें.

अर्धापूरच्या केळींच्या बागा मागें टाकून वारंगा फाट्यावर थांबलों. येथली खिचडी-भजीं खाल्ल्यावांचून पुढें जाणें हा या वाटेवर अपराधच समजला जातो. आधीं पोटोबा! मग हदगांव. हदगांव सोडल्यावर पैनगंगा ओलांडून वाट यवतमाळ जिल्ह्यांत शिरते. उमरखेड व महागांव करून धनोड्याजवळ तीच पैनगंगा पुन्हां ओलांडली कीं आपण परत नांदेड जिल्ह्यांत येतों. एकाच जिल्ह्यांतील गांवाला जावयाचें तर मध्यें विदर्भाचें दर्शन घ्यावें लागतें, ही या वाटेची गंमत. भोकर, हिमायतनगर, किनवट अशी दुसरी वाट आहे; ती अधिक रानांतली आहे.

धनोड्याच्या पुलावरून माहूरचे डोंगर दिसतात. कपाशीचीं पांढरीं शेतें संपतात, सागाचें रान सुरू होतें, आणि नदीनें वेढलेल्या डोंगरांच्या माथ्यांवर रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांचीं स्थानें आहेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मोटारवाल्याला त्या म्हणीचा अर्थ पहिल्या वळणावर कळतो.

गांवापासून रेणुकेचा गड तीनएक किलोमीटर. अंतर लहान, पण चढ खडा व वळणें आंखूड. येथें तीन इंजिनांचे तीन स्वभाव उघडे पडले. प्रथम वाचकांस थोडें मूळ सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें हवाच इतकी दाबतात कीं ती तापते, आणि तींत फवारलेलें इंधन आपोआप पेटतें. ही युक्ति जर्मन अभियंता रुडॉल्फ डीझेल यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिद्ध केली. त्यांत पंख्यानें हवा कोंबणारा टर्बो आला आणि डिझेलची ओढ, जिला टॉर्क म्हणतात, फारच वाढली. उदाहरणार्थ, पुण्यांत तयार होणारी आल्ट्रोझ ही २०२५ सालीं पेट्रोल, डिझेल व सी. एन. जी. अशा तीनही प्रकारांनीं मिळणारी लहान गाडी घ्या. तिच्या पेट्रोल व डिझेल इंजिनांची अश्वशक्ति जवळजवळ सारखीच, नव्वदीच्या आसपास. पण पेट्रोलची ओढ सुमारें ११५ न्यूटन-मीटर, आणि ती पुरी मिळावयास इंजिन मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांपर्यंत न्यावें लागतें. डिझेलची ओढ २०० न्यूटन-मीटर, आणि ती साडेबाराशें फेऱ्यांपासूनच हजर. तेंच पेट्रोलचें इंजिन वायूवर चालविलें तर अश्वशक्ति ७३ वर येते. कागदावरचे हे आंकडे घाटांत जिवंत होतात.

पुतण्याची गाडी वायूवर चढूं लागली. चार माणसें व दोन मुलें. दुसऱ्याच वळणावर तिचा सूर चढला आणि वेग उतरला. तिसऱ्या गिअरांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत. शेवटीं त्यानें बटण दाबून पेट्रोल घेतलें. लगेच गाडी हलकी झाली. पण दुसरा गिअर आणि इंजिनाचा चढा आवाज कायम. आमची जुनी गाडी पांच माणसांचा नसला तरी पांच माणसांइतका बोजा घेऊन दुसऱ्या गिअरांत शांतपणें चढत होती. बंधु आरशांत मागें पाहून हसत होते. इतक्यांत पुढें एक बस वळणावर अडली. आमचा वेग माणसाच्या चालीवर आला, फेऱ्या हजारांच्या खालीं गेल्या, टर्बो निजला, आणि डिझेलची ती प्रसिद्ध ओढ क्षणांत नाहींशी झाली. गाडी दोनदां गचके देऊन बंद पडली. मागून पेट्रोलगाडीचा हॉर्न वाजला. तो आनंदाचा होता हें सांगणें नको.

वर पोंचल्यावर मातोश्रींना डोलींतून पायऱ्या चढविल्या. रेणुकेचें येथें पूर्ण शरीर नाहीं. केवळ मुख आहे, शेंदरानें माखलेलें, भव्य. महाराष्ट्रांतील साडेतीन शक्तिपीठांपैकीं हें एक पूर्ण पीठ. मातोश्रींनीं खणानारळानें ओटी भरली, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद घेतला, आणि सभामंडपांत मुलांना जवळ बसवून कथा सांगितली. जमदग्नि ऋषींचा वध झाल्यावर परशुरामानें कावड केली. एका पारड्यांत पित्याचा देह, दुसऱ्यांत माता. आणि कोरी भूमि शोधीत तो रानोमाळ हिंडला. ती भूमि त्यास येथें मिळाली, आणि दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्यानें येथेंच पित्यास अग्नि दिला. धाकटा नातू म्हणाला, “आजी, म्हणजे त्याची गाडी बिनइंजिनाची होती!” मातोश्री म्हणाल्या, “होय रे. पण हांकणारा सावध होता.”

रात्रीं गांवांत एका धर्मशाळेंत उतरलों. संध्याकाळीं पांडवलेणीं पाहून आलों. शेजारचा रामगड दुरूनच पाहिला. याच माहूरच्या देशमुखांच्या घरांतली रायबागन. ती मोगलांच्या बाजूनें लढली आणि १६६१ च्या फेब्रुवारींत उंबरखिंडींत कारतलबखानाबरोबर शिवाजी महाराजांच्या कोंडींत सांपडली. अपरिचित घाटांत मोठें सैन्यही कसें निरुपाय होतें याचें तें उदाहरण. दुसऱ्या दिवशीं आमच्यावरही लहानसा तसाच प्रसंग येणार होता.

सकाळीं दत्तशिखर व अनसूयामातेचें स्थान पाहून परतलों. मातोश्रींना जुन्या गाडींत खालीं वांकून बसणें व हाताला धरून उठणें जड जात होतें. पुतण्याच्या गाडीची बैठक उंच. म्हणून परततांना त्या त्याच्या शेजारीं बसल्या, आम्ही मागें. उताराला लागतांच पुतण्यानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकली. आम्ही विचारलें, “हें काय?” तो म्हणाला, “काका, उतार फुकट आहे. पेट्रोल कशाला जाळायचें?” गाडी वेग घेई, तो ब्रेक दाबी, पुन्हां वेग, पुन्हां ब्रेक. कांहीं वळणांनंतर तव्यावर कांहींतरी करपावें तसा वास येऊं लागला. पुतण्या एकाएकीं गप्प झाला. मग हलक्या आवाजांत म्हणाला, “काका, ब्रेक मऊ लागतोय.”

डावीकडे दरी होती. त्या वेळीं आम्हांस इंजिनांचा कोणताही वाद आठवला नाहीं. पुढें बसलेल्या मातोश्रींचें पांढरें मस्तक तेवढें दिसत होतें. सुदैवानें पुढचा भाग थोडा सपाट होता. “दुसरा गिअर टाक,” एवढेंच आम्ही ओरडलों. त्यानें तो टाकला, इंजिन गुरगुरलें, वेग तुटला, आणि हाताचा ब्रेक ओढीत त्यानें गाडी डोंगराच्या बाजूस नेऊन उभी केली. आम्हीं उतरून चाकाखालीं धोंडा लावला. चाकाजवळ हात नेवत नव्हता इतकी आंच होती. मातोश्री तांबूल चघळीत म्हणाल्या, “पोहोंचलों कां रे?” आम्हीं सांगितलें, “गाडी जरा निवूं द्या.”

मागून बंधु आले. ते रागावतील असें आम्हांस वाटलें, पण ते पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चूक माझी आहे. तूं गाडी घेतलीस तेव्हां मी तुला किंमत विचारली, मायलेज विचारलें. घाट शिकवला नाहीं.” मग तेथेंच त्यांनीं जे सांगितलें तें सर्व तरुण वाचकांसाठीं येथें देतों. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा. गाडी गिअरांत असली म्हणजे उतार इंजिनाला फिरवतो, आणि तें फिरवण्यांतच गाडीचा वेग खर्ची पडतो; ब्रेकला अधूनमधूनच काम उरतें. न्यूट्रलमध्यें सारा भार ब्रेकवर पडतो. तो तापतो आणि तापला कीं धरीत नाहीं. आणि पेट्रोल वांचतें हाही भ्रमच. आजचीं इंजिनें गाडी गिअरांत असतां, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला कीं इंधन आपणहून बंद करतात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू राहावें म्हणून तें थोडें थोडें जळतच राहतें. उतारावर इंजिन बंद करणें तर त्याहून घातक. ब्रेकला मिळणारी मदतच नाहींशी होते व पेडल दगडासारखें होतें.

अर्धा तास थांबलों. चाकें निवालीं, ब्रेक पुन्हां घट्ट झाला. उरलेला घाट पुतण्यानेंच उतरविला, दुसऱ्या गिअरांत, बंधूंना शेजारीं बसवून. मातोश्री मागें आमच्याजवळ बसल्या. गांवांत येतांच ती गाडी आधीं मिस्त्रीकडे नेऊन ब्रेक तपासून घेतले आणि मगच लातुराची वाट धरली.

घरीं आल्यावर पुन्हां वाद बसला, पण त्याचा नूर पालटला होता. आतां घाट कोण जिंकला हें कोणी विचारलें नाहीं. गाडी वर्षभर जाते कोठें, हें प्रथमच कोणीतरी मांडलें. वर्षाकांठीं आमचा प्रवास सुमारें आठ हजार किलोमीटर. त्यांतला बराचसा शाळा, बाजार, दवाखाना असा शहरांतला. पेट्रोलचें लिटरामागें सोळा किलोमीटर धरलें तर पांचशें लिटर लागतें. डिझेलचें वीस धरलें तर चारशें. त्या दिवसांत पेट्रोल आम्हांस एकशेंपांच रुपयांच्या व डिझेल ब्याण्णव रुपयांच्या आसपास पडत होतें. म्हणजे वर्षाला सुमारें पावणेसोळा हजारांची बचत. पण दोन गाड्यांच्या किमतींत सव्वा लाखाचें अंतर सांगण्यांत आलें. तें भरून निघावयास आठ वर्षें हवींत. शिवाय १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यांमुळें डिझेल गाडीस काजळी धरणारी एक गाळणी असते. ती स्वच्छ राहावयास अधूनमधून लांब व वेगाचा प्रवास लागतो. रोज दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडींत ती तुंबते. याच नियमांच्या खर्चामुळें बहुतेक कारखान्यांनीं लहान डिझेल गाड्या सोडून दिल्या. ज्यास रोज शंभर किलोमीटर जावयाचें आहे त्यानें डिझेल अवश्य घ्यावें. ज्याच्या गांवांत वायूचा पंप जवळ आहे, रांगेंत उभें राहावयास वेळ आहे आणि सामान थोडें आहे, त्यास सी. एन. जी.सारखी स्वस्त गाडी नाहीं. आम्ही दोहोंपैकीं कोणीच नव्हतों.

पेट्रोललाही दोष आहेत. त्यांत आतां वीस टक्के इथेनॉल मिसळतात, आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच. त्यामुळें मायलेज थोडें घटतें. मांजराकांठच्या उसाकडे पाहून बंधु म्हणाले, “म्हणजे आपण आपलाच ऊस जाळणार!” तरी नवीं इंजिनें त्या मिश्रणासाठींच बांधलेलीं असतात, एवढें समाधान.

शेवटीं आम्हीं मातोश्रींना विचारलें. त्या म्हणाल्या, “इंजिन तुम्ही पाहा. मला वांकल्याशिवाय बसतां येईल अशी घ्या.” इतके दिवस आम्ही अश्वशक्ति मोजीत होतों, बैठकीची उंची कोणीं मोजली नव्हती. बंधु बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मला डिझेल नको होतें रे. मला अण्णांची गाडी जाऊं द्यायची नव्हती.” तें आम्हां सर्वांनाच ठाऊक होतें, बोललें मात्र त्या दिवशीं गेलें.

मार्गशीर्षांत पेट्रोलवर चालणारी, उंच बैठकीची लहान गाडी दारीं आली. पुतण्या तिला शहरांत एक फेरी मारावयास निघाला होता. बंधूंनीं किल्ली मागून घेतली. क्रमांकाची पाटी बसली त्याच दिवशीं ती थेट माहूरला गेली. मातोश्री पुढें बसल्या होत्या. घाट दुसऱ्या गिअरांत चढला आणि दुसऱ्या गिअरांतच उतरला.